काठाची पिसे आणि गुलाबतुरा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त येतो, अर्थकारण येते, नाट्यसंगीत येते. आज आम्ही तेथे कोंबडी आणून बसवीत आहोत. कोणाला हा विषय फार खालचा वाटेल, कोणाला तो स्वयंपाकघराचा वाटेल. आम्ही मात्र आज अंड्याच्या भावाविषयी किंवा रश्श्याविषयी बोलणार नाही. ज्या कोंबडीच्या प्रत्येक पिसाला साडीसारखा काठ असतो आणि जिच्या डोक्यावर गुलाबाच्या कळीसारखा चपटा तुरा असतो, त्या शोभेच्या कोंबडीची पैदास माणसाने कशी केली आणि ती करताना त्याला काय शिकावे लागले, एवढेच सांगणार आहोत.

हा विषय निवडण्याला एक कारण आहे. आपल्या भाषेत कोंबडीची जात आणि माणसाची जात यांना शब्द एकच आहे. ‘जातिवंत’, ‘अस्सल’, ‘शुद्ध बीज’ हे शब्द आपण खुराड्यातही वापरतो आणि सोयरीक जुळवतानाही वापरतो. खुराड्यात या शब्दांची परीक्षा घेता येते. तेथे पिढी एका वर्षात तयार होते, संतती डझनांनी मोजता येते, आणि कोंबड्याला आपल्या कुळाचा अभिमान नसल्यामुळे तो हिशेबात ढवळाढवळ करीत नाही. तेव्हा या परीक्षेचा निकाल काय लागला, ते पाहू.

प्रथम पीस पाहा. काठाचे पीस म्हणजे मधला भाग स्वच्छ पांढरा किंवा सोनेरी, आणि त्याच्या सभोवार काळ्या रंगाची बारीक, सारख्या जाडीची कड. ही कड टोकाला जाड आणि बाजूंना बारीक झाली तर तो दोष. मधल्या भागात काळे शिंतोडे आले तर तो दोष. काळ्या कडेच्या बाहेर आणखी एक पांढुरकी किनार निघाली तर तोही दोष. असा एकसारखा काठ शेकडो पिसांवर उमटला म्हणजे पक्ष्याच्या अंगावर कोणी जाळे विणून टाकल्याचा भास होतो.

हे जाळे प्रसिद्धीस आणले ते सर जॉन सेब्राइट या इंग्रज सरदाराने. त्यांचा काळ १७६७ ते १८४६. गृहस्थ पार्लमेंटचे सभासद होते. परंतु त्यांचे नाव आज टिकून आहे ते एका कोंबडीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी एक चिमुकली जात तयार केली. तिचा कोंबडा जेमतेम सहा-सव्वासहाशे ग्रॅम वजनाचा, तुरा गुलाबी वळणाचा, आणि अंगभर काठाची पिसे. रुपेरी आणि सोनेरी असे तिचे दोन प्रकार.

या जातीत एक चमत्कार आहे. एरवी कोंबड्याच्या मानेवरची, पाठीवरची आणि शेपटीची पिसे लांब, टोकदार, चकाकणारी असतात. कोंबडीची गोलसर असतात. काठ खुलतो तो गोल पिसावर. सेब्राइटचा कोंबडा मात्र अंगावर कोंबडीचीच गोल पिसे वागवतो, म्हणून त्याच्या सर्वांगावर काठ उठून दिसतो. टी. एच. मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१९ च्या सुमारास या कोडयाची मोठी सुंदर परीक्षा घेतली. त्यांनी सेब्राइट कोंबड्याची वृषणे काढून टाकली. लौकिक समजुतीप्रमाणे तो अधिकच बायकी दिसावयास हवा होता. घडले उलट! त्याला नर कोंबड्याची लांब, टोकदार पिसे फुटली. याचा उलगडा पुढे झाला. या जातीच्या कातडीत नराच्या अंतःस्रावाचे मादीच्या अंतःस्रावात रूपांतर करणारे विकर भलत्या ठिकाणी, भलत्या प्रमाणात तयार होते. मूळ स्राव बंद झाला की रूपांतर व्हायला काही उरत नाही, आणि पीस आपल्या मूळ वळणावर जाते.

या सेब्राइटसाहेबांनी १८०९ साली सर जोसेफ बँक्स यांना पाळीव जनावरांच्या सुधारणेविषयी एक पत्र लिहिले व ते प्रसिद्ध झाले. जवळच्या नात्यातच सतत जोड लावीत गेल्याने कुत्री, कबुतरे आणि कोंबड्या दुबळ्या होत गेल्याचा स्वतःचा अनुभव त्यांनी त्यात मोकळेपणाने नमूद केला आहे. काठाच्या पिसाचा हा आद्य आचार्य निव्वळ शुद्धीचा भक्त नव्हता, हे येथेच लक्षात ठेवावे.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात १८६० नंतरच्या काळात काही हौशी शेतकऱ्यांच्या मनात आले की सेब्राइटचा काठ मोठ्या, घरोपयोगी कोंबडीच्या अंगावर आणावा. अंडीही मिळावीत, मांसही मिळावे आणि डोळ्यालाही सुख व्हावे. या खटपटीतून जो पक्षी निपजला त्याला आधी ‘अमेरिकन सेब्राइट’ असे म्हणत. १८८३ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने त्याला आपल्या प्रमाणग्रंथात दाखल करून घेतले तेव्हा त्याचे नाव ठरले ‘वायंडॉट’. हे नाव उत्तर अमेरिकेतील एका मूळ रहिवासी जमातीचे. पहिला मान रुपेरी काठाच्या प्रकाराला मिळाला. सोनेरी काठाचा प्रकार १८८८ साली दाखल झाला.

या पक्ष्याला गुलाबतुरा हवा होता, तो केवळ शोभेसाठी नव्हे. एकेरी तुरा म्हणजे आपल्या गावठी कोंबड्याच्या डोक्यावर उभा, करवतीच्या दात्यांसारखा असतो तो. त्यात रक्त खेळते आणि त्यातून अंगातील उष्णता बाहेर जाते. आपल्या वैशाखात असा तुरा म्हणजे कोंबडीचा पंखाच. पण उत्तर न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात त्याची टोके गोठून काळी पडतात आणि गळतात. गुलाबतुरा रुंद, डोक्याला चिकटून बसलेला, बारीक पुळ्यांनी भरलेला आणि मागे एका टोकात निमुळता होणारा. थंडीला त्यात चावायला जागा कमी. म्हणजे सौंदर्याच्या नियमामागे हवामानाचे शहाणपण होते. ते हवामान सोडून पक्षी जगभर पसरले. नियम मात्र तोच राहिला.

येथपर्यंत इतिहास झाला. काठ उमटतो कसा, हे समजायला मात्र विसावे शतक बरेच सरावे लागले. ‘काठाचा म्हणून एक गुण’ असे काही नसतेच. तो तीन वेगवेगळ्या गुणांचा संयोग आहे. ‘पॅटर्न’ नावाचा एक जनुक आहे. तो योग्य पार्श्वभूमीवर एकटा असला की प्रत्येक पिसावर एकात एक अशा अनेक बारीक रेघा काढतो. त्याला ‘मेलॅनोटिक’ हा काळेपणा वाढविणारा जनुक मिळाला की रेघा एकवटून दुहेरी काठ होतो. आणि ‘कोलंबियन’ नावाचा तिसरा जनुक आला की आतला काठ पुसला जाऊन बाहेरचा एकच शिल्लक राहतो. हा तिसरा एकटा असता तर त्याने पक्ष्याचे अंग मोकळे ठेवून काळा रंग मानेकडे आणि शेपटीकडे लोटला असता. एक जण रेघ काढतो, दुसरा शाई दाट करतो, तिसरा मधली जागा पुसून घेतो. तिघांपैकी एक जरी गैरहजर असला तरी काठ बिघडतो. म्हणून काठाच्या कोंबड्यांत दुसऱ्या जातीचे रक्त एकदा घातले की पहिल्या पिढीत सगळा गोंधळ दिसतो, आणि तो काठ पुन्हा जुळून यायला अनेक पिढ्या आणि पुष्कळ पिल्ले खर्ची पडतात.

रुपेरी आणि सोनेरी यांचा हिशेब आणखी मजेचा. पक्ष्यांत लिंगाची रचना माणसाच्या उलट असते. कोंबड्यापाशी एकाच प्रकारची दोन लिंगसूत्रे असतात. कोंबडीपाशी त्यातले एकच. रुपेरीपणाचा गुण याच सूत्रावर बसलेला आहे आणि तो सोनेरीवर मात करतो. तेव्हा सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांची जोड लावली तर मुलगे सगळे आईसारखे रुपेरी होतात आणि मुली सगळ्या बापासारख्या सोनेरी! अनेक जातींत हा फरक पिल्लाच्या पहिल्या दिवसाच्या लवेवरच दिसतो. त्यावरून नर-मादी ओळखण्याची युक्ती पुढे व्यवसायात रूढ झाली. पण हौशी माणसाने येथे सावध राहावे. त्या रुपेरी मुलग्याच्या अंगात अर्धे सोने दडलेले असते. त्याच्या पांढऱ्या पिसावर कधी पितळी झाक येते, कधी येत नाही. दिसायला रुपेरी, पण त्याच्या निम्म्या मुली सोनेरी निघतात.

म्हणजे जो पक्षी आपण डोळ्यांनी पाहतो, तोच पक्षी आपण पैदाशीत वापरीत असतो असे नाही. हे सत्य प्राण्यांत स्पष्ट दाखविले ते कोंबडीच्या तुऱ्याने. मेंडेलने वाटाण्यावरचे आपले नियम १८६६ साली प्रसिद्ध केले. ते १९०० सालापर्यंत धूळ खात पडले होते. ते पुन्हा उजेडात आल्यावर शंका निघाली की हे झाडांपुरते ठीक, प्राण्यांचे काय? केंब्रिजचे विल्यम बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांवरील प्रयोगांनी तिचे उत्तर दिले. गुलाबतुरा एकेरी तुऱ्यावर मात करतो. वाटाणातुरा म्हणजे तीन बारीक, बुटक्या ओळींचा तुरा. तोही एकेरीवर मात करतो. मग गुलाबतुरा आणि वाटाणातुरा यांचीच गाठ घालून दिली तर? बेटसन आणि त्यांचे सहकारी आर. सी. पनेट यांना तेव्हा तिसराच तुरा मिळाला. तो अक्रोडाच्या कवचासारखा सुरकुतलेला होता, म्हणून त्याचे नाव अक्रोडतुरा. आणि या अक्रोडतुऱ्याच्या भावंडांची आपसांत जोड लावली तेव्हा सोळांत सरासरी नऊ अक्रोडतुऱ्याचे, तीन गुलाबतुऱ्याचे, तीन वाटाणातुऱ्याचे आणि एक एकेरी तुऱ्याचे निघाले. हा एकेरी तुरा आईच्या डोक्यावर नव्हता, बापाच्या नव्हता, चारी आजी-आजोबांच्याही नव्हता. तो नाहीसा झालेला नव्हता. दडून बसला होता.

दडलेला गुण ओळखावा कसा? गुलाबतुऱ्याच्या कोंबड्याची जोड एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांशी लावावी. तो शुद्ध असेल तर पिल्ले सगळी गुलाबतुऱ्याची. मिश्र असेल तर निम्मी एकेरी. पाच पिल्लांत एकही एकेरी निघाले नाही तरी मिश्र कोंबडा आपल्याला फसवून जाण्याची शक्यता बत्तिसांत एक उरते. दहा पिल्ले पाहिली तर ती हजारात एकीवर येते.

आता प्रत्यक्ष उबवणीचे थोडे सांगतो, कारण सगळे शास्त्र शेवटी अंड्यातूनच बाहेर पडावे लागते. कोंबा बदलला तर नव्या कोंबड्याची म्हणून अंडी जमविण्याआधी दोन-तीन आठवडे थांबावे; कारण कोंबडीच्या अंगात आधीच्या नराचे बीज तितके दिवस जिवंत राहते. घाई करणारा माणूस एका बापाची पिल्ले दुसऱ्याच्या नावावर लिहितो आणि मग मेंडेलला दोष देतो! जमविलेली अंडी आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत उबवणीला घालावी. तोवर ती निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हेच कठीण. ओटीवरच्या टोपलीतल्या अंड्याला कोंबडी मिळण्याआधीच ऊन मिळते. आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. मग लोक म्हणतात, कोंबडा कुचकामी.

उबवण एकवीस दिवसांची. यंत्र असेल तर आत पंख्याने हवा खेळती ठेवून उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी, पाण्याचे भांडे ठेवावे, आणि अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावीत; न फिरवल्यास गर्भ कवचाला चिकटतो. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरून पाहिले की रुजलेल्या अंड्यात लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसते. न रुजलेले कोरे दिसते. अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवावे आणि ओलावा वाढवावा. खुडूक कोंबडी हे सगळे थर्मामीटरशिवाय करते. आपण त्यासाठी वीज जाळतो आणि रात्री उठून पाहतो.

पिल्लू कोरडे झाले की त्याचा तुरा त्याच दिवशी ओळखता येतो. गुलाबतुऱ्याची जागा रुंद आणि खडबडीत दिसते. एकेरीची सरळ बारीक रेघ असते. काठाचा निकाल मात्र पहिल्या पिसांवर ठरवू नये. ती गळतात, पुन्हा येतात, आणि तलंग अंड्यावर येण्याच्या सुमारास खरा काठ दिसतो. म्हणजे तुऱ्याची परीक्षा एका दिवसात, काठाची पाच-सहा महिन्यांत. साहजिकच माणूस पहिली चाळण तुऱ्यावर लावतो. एकेरी तुऱ्याची पिल्ले पहिल्याच दिवशी बाजूला काढली जातात, आणि बाजूला काढलेल्या पिल्लांचे बहुतेक काय होते ते सांगायला नको. त्यांतल्याच एखाद्याच्या अंगावर पुढे सगळ्यांत सुरेख काठ उमटला असता, हे कोणाला कळतच नाही.

येथे आम्ही आजच्या व्याख्यानाच्या गाभ्याशी आलो. १८८३ पासून वायंडॉटची पैदास करणाऱ्यांनी एकेरी तुरा बाद ठरविला. प्रदर्शनात तो अपात्र आणि खुराड्यात नकोसा. इतक्या पिढ्यांच्या निवडीनंतर तो जवळजवळ संपायला हवा होता. पण तो संपला नाही. नामांकित घराण्यांतही दर हंगामात काही पिल्ले एकेरी तुऱ्याची निघतच राहिली. पैदासकार एकमेकांवर संशय घेत, शेजाऱ्याचा कोंबडा कुंपण ओलांडून आला असे म्हणत.

शेजाऱ्याचा कोंबडा निर्दोष होता. १९६० नंतरच्या दशकात क्रॉफर्ड आणि स्माइथ या संशोधकांनी गुलाबतुऱ्याचा जनुक आणि कोंबड्याची प्रजननशक्ती यांचा संबंध नीट तपासला. ज्या नरात हा जनुक आईकडून आणि बापाकडून असा दोन्हीकडून आलेला असतो, म्हणजे जो आपल्या भाषेत अस्सल गुलाबतुऱ्याचा, त्याचे बीज दुबळे असते आणि कोंबडीच्या अंगात ते फार दिवस टिकत नाही. ज्याच्यात एक गुलाबतुऱ्याचा आणि एक एकेरीचा, असा मिश्र जनुकांचा नर असतो, त्याच्या बीजात असा दोष नसतो. कोंबड्यांना, म्हणजे माद्यांना, याची बाधा नाही. अस्सल आणि मिश्र, दोघांचे तुरे मात्र दिसायला सारखेच.

आता खुराड्यात काय होते ते पाहा. पैदासकार डोळ्याने एकेरी तुरा वगळतो, आणि निसर्ग, न बोलता, अस्सल गुलाबतुऱ्याच्या बापाला मागे सारतो. पिल्ले जास्त होतात ती मिश्र बापाची. त्या बापाबरोबर एकेरी तुऱ्याचा गुण पुढच्या पिढीत जातो आणि पुन्हा कोठेतरी डोके वर काढतो. ज्याला माणूस शंभर वर्षे कलंक समजत आला, त्याच्याच आधारावर त्या घराण्याचा वंश चालू होता.

याचे मूळ कारण २०१२ साली हाती आले. स्वीडनमधील उप्साला येथील लायफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की गुलाबतुरा म्हणजे एका अक्षराची चूक नव्हे. सातव्या गुणसूत्राचा सुमारे ७४ लाख अक्षरांचा तुकडा सुटून उलटा जोडला गेला आहे. जुन्या पोथीची मधली पाने निसटावीत आणि कोणी ती खालची वर करून पुन्हा बांधावीत, तसे हे झाले. एका टोकाला, एरवी तुऱ्याशी संबंध नसलेला एक जनुक नव्या शेजारामुळे तुऱ्याच्या जागी कामाला लागला; त्यातून गुलाब उमलला. दुसऱ्या टोकाला मात्र पान फाटले, आणि ते पान नराच्या बीजाच्या हालचालीचे होते. दुसऱ्या बाजूचे पान धड असले की काम चालते. दोन्ही फाटली की अडते. पुढे एका प्रकारात ते फाटलेले पान आपोआप पुन्हा सांधले गेल्याचेही याच संशोधनात आढळले. पण जुन्या प्रकारात सौंदर्य आणि वैगुण्य ही एकाच घावाची दोन टोके आहेत. एक ठेवून दुसरे टाकता येत नाही.

यावरचा व्यावहारिक उपाय साधा आहे. अस्सल गुलाबतुऱ्याच्या कोंबड्या आणि एकेरी तुऱ्याचा एखादा उत्तम काठाचा कोंबडा यांची जोड लावावी. त्यांचे सगळे मुलगे गुलाबतुऱ्याचे आणि सगळे मिश्र, म्हणून सगळे सक्षम. यांतला नर पुन्हा अस्सल कोंबड्यांना दिला तर पिल्लांत एकही एकेरी तुरा दिसणार नाही. म्हणजे प्रदर्शनाचा नियमही पाळला जातो आणि वंशही चालतो. अट एकच: पहिल्या दिवशी टोपलीतून बाहेर काढलेल्या पिल्लांपैकी काहींना घरात ठेवण्याचे औदार्य पैदासकाराने दाखवावे.

निळ्या काठाच्या वायंडॉटची कथा याहून बोलकी आहे. सोनेरी-तांबूस पिसाला निळसर राखी काठ. हौशी लोक त्यावर जीव टाकतात. पण हा निळा रंग म्हणजे काळ्याचा एक आणि त्याला फिका करणाऱ्याचा एक, अशा दोन जनुकांचा संसार आहे. निळ्याला निळा दिला तर चारांत सरासरी दोनच निळे. एक काळ्या काठाचा, एक अगदी फिका. कितीही पिढ्या निवड करा, निळा कायम होत नाही, कारण तो स्वभावतःच मिश्र आहे. ज्या रंगाला शुद्ध म्हणून बक्षीस मिळते, तो रंग शुद्ध असूच शकत नाही!

आता या परदेशी पक्ष्याचे पाय पाहा. ते पिवळे असतात. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ सालच्या ग्रंथात पाळीव कोंबडीचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा, असा निर्णय दिला होता. तो बव्हंशी टिकला आहे. पण २००८ साली असे सिद्ध झाले की बहुसंख्य पाळीव जातींच्या कातडीचा पिवळेपणा त्या पूर्वजाकडून आलेला नाही. तो बहुधा राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. महाबळेश्वर-राधानगरीच्या रानातून पहाटे चालताना ज्यांनी त्याची तुटक बांग ऐकली असेल, त्यांनी न्यूयॉर्कच्या वायंडॉटच्या पायांचा एक दूरचा मालक पाहिला आहे! कधीकाळी भारतात पाळीव कोंबडीचा आणि याचा संकर झाला. आणखी पाहा. वायंडॉटच्या पूर्वजांत ‘ब्रह्मा’ ही मोठी जात होती असे मानतात; तिचे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडले आहे. इंग्लंडात ज्या जातीला ‘इंडियन गेम’ म्हणत, तिच्या कोंबडीच्या पिसांवर सुरेख दुहेरी काठ असतो. ती आपल्या असील कोंबड्याच्या रक्तातून कॉर्नवॉलमध्ये घडली, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ब्रॉयलर कोंबड्यांच्या पितृकुळात तीच आहे. जातिवंत म्हणून पिंजऱ्यात दिमाखाने उभा असलेला पक्षी म्हणजे अनेक देशांची, निदान दोन रानटी जातींची मिसळण आहे.

बंधुभगिनींनो, कोंबडीच्या खुराड्यातून निघालेले हे ज्ञान माणसाच्या घरात शिरल्यावाचून राहिले नाही. अमेरिकेचे चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९०६ साली कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला. आणि १९१० साली त्याच गृहस्थांनी न्यूयॉर्क राज्यात माणसांच्या वंशावळींची नोंद करणारे सुप्रजननशास्त्राचे कार्यालय काढले. एकेरी तुऱ्याचे पिल्लू बाजूला काढावे तशी ‘अयोग्य’ माणसे बाजूला काढावीत, असा तो विचार. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा ग्राह्य ठरविला. त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसे या शस्त्रक्रियेखाली गेली. जर्मनीने १९३३ साली असाच कायदा केला, आणि तो रस्ता पुढे कोठे गेला ते सर्वांना ठाऊक आहे. त्या आधी बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठतेची कवट्यांवरून मोजमापे चालत, तेथे आपल्या इरावतीबाई कर्वे शिकायला गेल्या होत्या. कवटीच्या विषमतेचा वंशाशी संबंध असल्याचा आपल्या गुरूचा तर्क मोजमापात टिकत नाही, असे त्यांनी त्याच संस्थेत राहून लिहिले.

गंमत अशी की या विचाराचे गणित कोंबडीवाल्यांनीच मोडून काढले होते. प्रभावी गुण पसरत पसरत सगळ्यांना व्यापून टाकणार काय, हा प्रश्न पनेट यांनी आपल्या क्रिकेटच्या सोबत्याला, गणिती जी. एच. हार्डी यांना विचारला. हार्डींनी १९०८ साली त्याचे चार ओळींच्या गणिताने उत्तर दिले. त्याच गणिताने पनेट यांनी १९१७ साली दडलेल्या गुणाचे उच्चाटन किती पिढ्यांत होईल याचा हिशेब मांडला. स्वतः पनेट सुप्रजननाकडे झुकलेले होते. हिशेब मात्र झुकला नाही. शंभरांत एकात उघड दिसणारा गुण, तो दिसणाऱ्या प्रत्येकाला वगळून दहा हजारांत एकावर आणायचा तर नव्वद पिढ्या लागतात. कोंबडीची नव्वद वर्षे, माणसाची दोन हजारांहून अधिक. कारण तो गुण ज्यांना आपण वगळतो त्यांच्यात थोडा, आणि ज्यांना आपण उत्तम म्हणून निवडतो त्यांच्यात पुष्कळ असतो.

आम्ही कोंबडीवरून माणसाला उपदेश करणार नाही. माणसाचे मोल तुऱ्यावर आणि काठावर ठरत नाही, एवढे सांगायला आनुवंशशास्त्राची गरजही नाही. पण जे लोक ‘शुद्ध बीज’ या शब्दाला शास्त्राचा आधार आहे असे म्हणतात, त्यांनी तो आधार पाहण्यासाठी एकदा खुराड्याशी यावे. तेथे त्यांना दिसेल की जात ही माणसाने आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी आखलेली रेघ आहे. रेघ सुंदर असू शकते. ती जपण्यात आनंद आहे, कसब आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चिकाटी आहे. काठाच्या पिसाचे कौतुक आम्ही कमी करू इच्छित नाही. पण रेघेच्या आत जो जीव आहे, तो रेघेपलीकडून आलेला असतो आणि रेघेपलीकडच्याच्या आधाराने टिकतो.

आपल्यापैकी कोणी घरामागे चार कोंबड्या पाळीत असतील, किंवा हे ऐकून पाळणार असतील, त्यांना एवढीच विनंती. एकविसाव्या दिवशी टोपली उघडाल तेव्हा वही घेऊन बसा. कोणत्या आईबापाचे पिल्लू, तुरा कोणता, लव कशी, हे लिहून ठेवा. आणि मनाजोगा तुरा नसलेले पिल्लू दिसले, तर ते टाकण्याआधी त्या वहीत एकदा मागची पाने चाळून पाहा.